पद्मिनीच्या मागच्या पाट्यांचे बुश: नट केव्हा आवळायचे?

स्पीडब्रेकरवर गाडीची मागची बाजू 'टुक्क' वाजली की लोक थेट नवे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणायला निघतात. थांबा. माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीत पाटे दरवेळी ठणठणीत निघाले, गेलेले होते ते बुश, म्हणजे पाट्याच्या टोकात बसणारी, आत लोखंडी नळी असलेली रबरं. पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्यापाशी पहार घालून हलवा. रबराला भेगा दिसल्या, आतली नळी एका अंगाला सरकलेली दिसली, की निदान झालं. नागपूरच्या ४५ डिग्रीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार!

बुश घेताना 'कंपनीचा जुना माल' ऐकून भुलू नका. पद्मिनी बंद होऊन वीस वर्षं उलटली. तेव्हापासून डब्यात पडलेलं रबरही म्हातारं झालेलं असतं. नख रोवून पाहा.

गाडी बॉडीखाली स्टँड लावून उचला. विटांवर गाडी ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, तिथून निघून जातो. एक बाजू पूर्ण करूनच दुसरीला हात लावा. ॲक्सलखाली जॅक टेकवा, मग शॉकअप, यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे), शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला टांगणारी झुलती कडी) आणि शेवटी पाट्याच्या पुढच्या टोकाचा बोल्ट सोडा. तो गंजून नळीत अडकला असेल तर रात्रभर डिझेल पाजा. गॅसची ज्योत लावायची नाही: पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, आणि पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते. नवे बुश वाइसमध्ये दाबून बसवा. शॅकलच्या रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नाही.

आता नट. इथेच मी फसलो होतो. गाडी वर असतानाच, हात पोचतोय म्हणून, सगळे नट कचकचून आवळले. सहा महिन्यांत टुक्क परत सुरू. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, रबर डुप्लिकेट असन." मीही मान डोलावली आणि दुसरे बुश घातले, पुन्हा तसेच. तेही फाटले. काढून पाहिले तर प्रत्येकाचं रबर एकाच दिशेला पिळवटून नळीपासून सुटलेलं.

हे सायलेंट बुश, रबर नळीला पक्कं चिकटलेले. त्यातलं रबर नळीवर फिरत नाही, ते नुसतं पिळलं जातं. नट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते. गाडी वर असताना पाट्याला कमान जास्त असते. खाली आली की पाटा सपाट होतो, वेटोळं फिरतं आणि उभ्या गाडीतच रबराला पीळ बसतो. पुढचा प्रत्येक खड्डा त्याच पिळात भर घालतो.

म्हणून वर असताना पुढचा बोल्ट आणि शॅकलचे नट फक्त हाताने लावा. यू-बोल्ट मात्र वरच आवळा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून. त्याआधी पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसलंय का, ते बोटाने चाचपा. मग चाकं लावा, गाडी जाड फळ्यांवर उतरवा, दोघांना मागच्या सीटवर बसवून चारपाच हेलकावे द्या. त्यांना उतरवा आणि खाली पाठीवर सरकून राहिलेले नट आवळा. कपडे खराब होतात, होऊ द्या.

वर्ध्याला जाऊन या, आणि घरी आल्यावर यू-बोल्टना पुन्हा पाना लावा.