दारू सुटल्यानंतर घरात होणाऱ्या या चुका टाळा

माझ्या नवऱ्याने दारू सोडली, त्यानंतरच्या चौथ्या महिन्यातली गोष्ट. हडपसरहून आठला घरी येणारा माणूस पावणेदहाला आला. दार उघडताच मी त्याच्या हातातली बॅग घेतली, स्वयंपाकघरात नेली, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला. मागे वळून पाहिलं तर तो दारात उभा. एका पायात बूट, दुसरा हातात. म्हणाला, "झाला वास घेऊन? आता वाढ."

बाटलीत पाणीच होतं. बस स्वारगेटच्या अलीकडे बंद पडली होती आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. त्या रात्री तो पोळी मोडत बसला, जेवला नाही. दारूच्या काळात मी जितकी घाबरलेली असायची, तितकीच त्या रात्रीही होते. दारू थांबली होती, माझा पहारा थांबला नव्हता.

गेली काही वर्षं अशाच घरांतल्या बायकांबरोबर, आयांबरोबर बसते. चुका बहुतेक त्याच त्याच असतात आणि जवळपास सगळ्या मायेपोटी होतात.

पहारा

खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, दर अर्ध्या तासाने "कुठे आहेस?" विचारणं. याने कोणाची दारू सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. ज्याला प्यायची आहे तो पाच मिनिटांत पिऊन, बडीशेप खाऊन येतो. ज्याला नाही प्यायची त्याला मात्र रोज वाटतं, एवढं करूनही संशयच आहे, मग प्यायलेली काय वाईट? मग करायचं काय? दोघांनी शांत वेळी बसून ठरवायचं. उशीर होणार असेल तर तो आपणहून कळवणार. डॉक्टरांची तारीख तो सांभाळणार. घरखर्चाचे पैसे पगाराच्या दिवशीच बाजूला निघणार. ठरलेलं मोडलं तर त्यावर बोलायचं, वासावर नाही. भीती लगेच जात नाही. मला बाटलीचा वास न घेता ती नुसती धुवायला ठेवायची सवय लागायला वर्ष गेलं.

घरच्या घरी सोडवणं आणि चोरून औषध देणं

इथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणून नीट वाचा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात घरीच दारू बंद केली, तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात मृत्यूही होतो. "खोलीत कोंडून ठेवा, दोन दिवसांत उतरेल" हा सल्ला देणाऱ्याला हे माहीत नसतं. सोडायची ठरली की आधी डॉक्टर. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. फिट आली किंवा बरळायला लागला तर वाट पाहायची नाही, १०८ ला फोन.

दुसरी चूक आमच्या गटातल्या निम्म्या जणींनी तरी कधी ना कधी केलेली असते. "न सांगता जेवणात मिसळा" अशी जाहिरात वाचून पावडर आणायची, किंवा ओळखीतून डायसल्फिरामच्या गोळ्या मिळवून वरणात घालायच्या. हे औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तरच. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. हृदयविकार असलेल्याच्या ते जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. दारूचा अंश असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही. आणि कधीतरी त्याला हे कळतंच. त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं जेवत नाही.

सांभाळून घेणं

ऑफिसला "त्याला ताप आहे" म्हणून फोन कोण करतं? आपण. हातउसने पैसे कोण फेडतं? आपण, नाहीतर सासूबाई पाटल्या मोडून. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "चार लोकांत शोभा नको गं." त्यांचं दुःख खरं होतं. पण त्याच्या पिण्याचे सगळे हिशेब आम्ही चुकते करत गेलो आणि त्याच्यापर्यंत एकही पोचला नाही. आता त्याची रजा त्याने कळवायची, त्याचं कर्ज त्याने हप्त्याने फेडायचं. पोरांची फी आणि घरभाडं मात्र यात ओढायचं नाही, ते आधी सुरक्षित करायचं.

समारंभांबद्दल थोडक्यात. गटारी, एकतीस डिसेंबर, मित्राच्या प्रमोशनची पार्टी. पहिलं वर्षभर जायचं नाही, आणि का नाही याचा खुलासा कोणाला द्यायचा नाही. "थोडा वेळ बसतो, कोक घेतो" हे नातेवाइकांच्या समाधानासाठी केलेलं धाडस असतं. लग्नाला जायलाच हवं असेल तर अक्षता टाकून, जेवून निघायचं. वरातीला थांबायचं नाही.

ज्याने सोडली आहे त्याच्यासाठी

सगळ्यात मोठी चूक, बरं वाटायला लागलं की गोळ्या आणि मीटिंग बंद करणं. तीन-चार महिन्यांनी भूक लागते, चेहरा उजळतो आणि वाटतं, आता कंट्रोलमध्ये आहे, एखादी बिअर चालेल. व्यसन लागलेल्या माणसाला "एखादी" जमत नाही हे ए. ए. मधली, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटातली, जुनी माणसं रोज सांगतात. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्या माणसांच्या भेटीतून सुरू झाली. एकाने दुसऱ्याला सांगायचं आणि फक्त आजचा दिवस प्यायची नाही, हे तिचं सूत्र आजही तेच आहे.

तलफ येते ती लाटेसारखी. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा: पाणी प्या, जागा बदला, गटातल्या कोणाला फोन लावा. त्याआधी चार गोष्टी विचारा. भूक लागली आहे का? राग आला आहे का? एकटं वाटतंय का? थकलोय का? पहिला प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो आधी विचारा. दुपारचा डबा न खाता संध्याकाळी सहाला ठेक्यासमोरून चालत जाणं हा धोक्याचा रस्ता आहे, तो बदला. दारूच्या जागी झोपेच्या गोळ्या किंवा गुटखा धरणं म्हणजे सुटणं नव्हे. गर्द किंवा तत्सम अफूजन्य नशा सोडलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: काही आठवडे थांबल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. पूर्वीचा डोस तेव्हा मारक ठरतो.

स्वतःला विसरणं

अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण आजारी एकटा तो नसतो. तुमची झोप, तुमचं बीपी, तुमची मैत्रीण, हे त्याच्या बरं होण्याची वाट पाहत ठेवू नका. तो मारहाण करत असेल तर आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा. ११२ किंवा १८१ ला फोन करा. दारू सुटेपर्यंत सहन करायचं, असं कोणत्याही उपचारात नाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मन फारच खचलं तर टेलीमानस १४४१६. फोन घरच्यांनीही करायचा असतो.

घसरला तर

चौदाव्या महिन्यात माझा नवरा पिऊन आला. त्या रात्री मी एकच गोष्ट बरोबर केली: भांडले नाही. प्यायलेल्या माणसाशी झालेलं भांडण सकाळी फक्त आपल्याला आठवतं. त्याला कुशीवर झोपवलं, म्हणजे उलटी झाली तर श्वासात अडकणार नाही. श्वास नीट चालू आहे ना, हाक मारल्यावर ओ देतो ना, हे अधूनमधून पाहिलं. मुलीला सांगितलं, "बाबाचा आजार उलटलाय, उद्या डॉक्टरांकडे जातोय." सगळं संपलं असं मनात आलं होतं. ते तोंडाने बोलले नाही.

सकाळी चहा झाल्यावर एवढंच विचारलं, "फोन तू करतोस की मी?" बऱ्याच वेळाने त्याने केला. साडेबाराला आम्ही समुपदेशकांसमोर बसलो. मला वाटलं, ते का प्यायलास म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं, "काल दुपारी जेवला होतात का?"

तो जेवला नव्हता.