आधुनिक ठासणीची बंदूक उघड्या टोपीच्या नियमात कशी बसवावी

माझा भाचा अमेरिकेतील आयडाहो राज्यात राहतो आणि तेथे रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील केपाची बंदूक पाहत मी लहानाचा मोठा झालो आणि पुढची सगळी नोकरी मुंबईत टूलरूममध्ये आटे पाडण्यात गेली, म्हणून त्याची बंदूक तेथील नियमात बसवण्याचा प्रश्न गिरगावात माझ्यापर्यंत आला. पुढील माहिती त्याच्यासारख्या परदेशस्थ मराठी वाचकांसाठी आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये शिकारीस बंदी आहे आणि शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याविना बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात फेरबदल करता येत नाही, त्यामुळे यातील कोणतीही कृती येथे करून पाहू नये.

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी गजाने ठासून भरण्याची बंदूक. जुन्या बंदुकीत घोडा बाजूला असे आणि त्याच्या टोल्याने निपलवरची (नळीत ठिणगी पोचवणाऱ्या पोकळ बोंडीवरची) टोपी, म्हणजे ठोक्याने पेटणारी केप, फुटत असे. 1985 मध्ये टोनी नाइट यांची एमके-85 ही बंदूक आल्यानंतर इनलाइन रचना लोकप्रिय झाली. या रचनेत प्रज्वलनाचे साधन थेट नळीच्या मागे, तिच्याच रेषेत बसते. आज बहुतेक इनलाइन बंदुकांत 209 क्रमांकाचा, मुळात शॉटगनच्या काडतुसासाठी बनलेला प्रायमर, म्हणजे ठोक्याने दारू पेटवणारी छोटी डबी, वापरतात. तो बंद जागेत बसत असल्याने पावसापासून बराचसा सुरक्षित राहतो आणि त्याची ज्वाळाही जोरकस असते.

नेमकी हीच सोय काही राज्यांच्या ठासणी-हंगामात, म्हणजे केवळ ठासणीच्या बंदुकीने शिकारीसाठी राखलेल्या काळात, नियमाआड येते. आयडाहोत या हंगामात 209 प्रायमर चालत नाही. चकमक, साधी टोपी किंवा मस्केट टोपी एवढीच साधने मान्य आहेत, आणि घोडा चढवून बंदूक झाडण्यास सज्ज असताना टोपीचा काही भाग स्पष्ट दिसला पाहिजे. पेनसिल्व्हेनियातील नाताळानंतरचा हंगाम तर केवळ चकमकीच्या बंदुकांचा असल्यामुळे तेथे इनलाइनला टोपी बसवूनही काही साधत नाही. म्हणून सुटा भाग मागवण्यापूर्वी ज्या राज्यात आणि ज्या हंगामात जायचे आहे, त्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचावी. दुकानदाराच्या "चालतंय" या शब्दावर विसंबू नये.

कामाला हात घालण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडापाशी खूण करावी आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून शेजारी धरून ती लांबी ताडून पाहावी. गज जर ब्रीच प्लगच्या (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या आट्यांच्या बुचाच्या) पुढच्या टोकाआधीच थांबत असेल, तर आत काहीतरी भरलेले आहे असे समजावे.

यानंतर जुना ब्रीच प्लग काढून त्याच्या जागी त्याच मॉडेलसाठी निर्मात्याने बनवलेला, मागे निपल फिरवून बसवता येणारा प्लग बसवायचा असतो. या टप्प्यावर भाच्याची फसगत झाली. एका दुकानाने त्याला "सगळ्यांना बसतो" असे सांगून एक निपल दिला. तो दोन-तीन फेरे आत गेला आणि अडकला. मी त्याला कॅमेऱ्यासमोर व्हर्निअर कॅलिपर लावायला सांगितले, तेव्हा व्यास 6 मिमीच्या किंचित आत भरला. त्याच्या प्लगचे आटे मात्र पाव इंची, इंचाला 28, म्हणजे 6.35 मिमी व्यासाचे आणि साधारण 0.9 मिमी अंतराचे होते. असा निपल पाना लावून दामटला तर आटे कापले जातात, वर घट्ट बसल्याचा भास होतो आणि बार झाला की तोच निपल मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उडू शकतो. निपल बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पान्याचे काम केवळ अखेरच्या आवळणीपुरते असते. आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावावे, नाहीतर हंगाम संपल्यावर प्लग निघता निघत नाही.

टोपीची निवड करताना 11 क्रमांकाच्या साध्या टोपीपेक्षा मस्केट टोपी घ्यावी, असे माझे मत आहे. ती आकाराने मोठी आणि ज्वाळेने जोरकस असते, शिवाय तिची कड गारठलेल्या बोटांनाही धरता येते. मात्र तिचा निपल वेगळा असतो.

प्लग बदलला की काम झाले असे समजू नये. नळी बिजागरीवर खाली झुकवून उघडणाऱ्या काही बंदुकांत नळी मिटताच टोपी झाकली जाते आणि नियमाचा भंग होतो. रिकाम्या बंदुकीवर फुटलेली टोपी बसवून, घोडा चढवून, बाजूने पाहावे. टोपी दिसत नसेल तर कानस घेऊन खाच पाडण्याच्या फंदात पडू नये. अशा नियमांच्या राज्यांसाठी 'नॉर्थवेस्ट' या नावाने विकली जाणारी, टोपीची जागा मुळातच उघडी असलेली मॉडेल मिळतात.

टोपी बदलली की दारूचाही विचार बदलावा लागतो. ब्लॅकहॉर्न 209 ही दारू तिच्या नावातील प्रायमरसाठीच आहे. टोपीवर ती भरवशाने पेटत नाही. आयडाहोत दारूच्या दाबलेल्या गोळ्या चालत नाहीत, सुटीच भरावी लागते. साबो (गोळीभोवतीचे प्लास्टिकचे वेष्टण) आणि सर्वसाधारणपणे दुर्बीणही चालत नाही, म्हणून उघड्या साइटवर नव्याने नेम जुळवणे आलेच. काळी दारू किंवा तिचा मान्य पर्याय एवढेच वापरावे. आधुनिक धूरविरहित दारू अशा बंदुकीत भरल्यास नळी फुटू शकते.

रेंजवर पहिला बार भरण्यापूर्वी रिकाम्या बंदुकीवर एक-दोन टोप्या फोडाव्यात. नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरावे; पाते हलले तर मार्ग मोकळा आहे, न हलल्यास आत तेल किंवा काजळी साचलेली आहे. भरलेला बार न उडाल्यास तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबावे, कारण उशिरा पेट घेणारी दारू ही या बंदुकीची जुनी खोड आहे.

सुट्टीत येताना काढलेला जुना प्लग मला दाखवायला आणण्याचा भाच्याचा बेत होता, तो मी मोडून काढला. आपल्या कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही अग्निशस्त्रच ठरतात आणि ते परवान्याविना आयात करता येत नाहीत. टोप्या तर विमानाच्या सामानात चालतच नाहीत. अखेर त्याने प्लग मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवला, आणि आटे मोजायला तेवढा पुरला.