वुजू तुटला की नाही? नमाजेआधीच्या या चुका टाळा

धर्मनियम पाळण्याच्या शाफई आणि हनफी अशा दोन परंपरा आपल्याकडे आहेत. रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान बहुतेक शाफई. घाट चढून पुणे, सोलापूर, बीडकडे गेलात की बहुतेक हनफी. मुंबईत मात्र दोघं एकाच हौदावर शेजारी बसून वुजू (नमाजेआधी हात, तोंड, पाय धुऊन शुद्ध होणं) करतात आणि एकाच सफेत, म्हणजे रांगेत, उभे राहतात. तिथे एकाचे मसले (धर्माचे नियम) दुसऱ्याच्या कानावर पडतात आणि बघता बघता आपलेच वाटायला लागतात. मग हनफी माणूस बायकोच्या हाताला हात लागला म्हणून पुन्हा वुजू करतो, शाफई माणूस बोट कापलं म्हणून सफ सोडून जातो, आणि ज्याने खरंच वुजू तुटलाय तिकडे दोघांचंही लक्ष नसतं. म्हणून आधी आपलं मसलक, म्हणजे परंपरा, कोणतं ते घरच्या मोठ्यांना विचारा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ज्याबद्दल दोन्हीकडे एकमत आहे ते थोडक्यात: पेशाब, शौच, वायू किंवा पुढच्या-मागच्या वाटेने काहीही बाहेर आलं की वुजू गेला. बेशुद्धी, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, नशा, आडवं पडून लागलेली झोप यांनीही जातो.

शंकेवरून वुजू मोडीत काढणं

सगळ्यात जास्त त्रास याच चुकीचा होतो. पोटात गुडगुड झाली, काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, की माणूस नमाज सोडून हौदाकडे धावतो. सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) याबद्दल अगदी स्पष्ट आहे: पोटात असं काही जाणवलं आणि नक्की कळेना, तर आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत मशिदीतून बाहेर पडू नये. म्हणजे खात्री हवी. वुजू केल्याची खात्री आहे आणि तुटल्याची नुसती शंका आहे, तर वुजू कायम आहे. उलटंही तितकंच खरं. वायू सरल्याची खात्री आहे, त्यानंतर वुजू केला की नाही ते आठवत नाही, तर वुजू नाही असं धरून चालायचं.

हा वसवसा (सतत छळणारी शंका) काही जणांना इतका पछाडतो की वीस-वीस मिनिटं नळ सुरू राहतो आणि जमात (सामूहिक नमाज) निघून जाते. घरात असं कुणी असेल तर त्याला हसू नका आणि 'पुन्हा करून घे, काय बिघडतं' असंही म्हणू नका. दर वेळी पुन्हा केल्याने शंका वाढतच जाते. हदीस समजावून सांगा आणि हाताला धरून नमाजेला उभं करा.

पेशाबानंतरच्या थेंबांची गोष्ट वेगळी आहे. काही पुरुष पेशाब होताच लगेच वुजूला बसतात आणि नमाजेत रुकूत (कमरेतून वाकून) गेल्यावर थेंब येतो. हा थेंब खरोखर आला असेल तर वुजू तुटलाच, शिवाय कपडाही धुवावा लागतो. थोडं थांबा, चार पावलं चाला, खोकून घ्या आणि मग वुजू करा. त्यानंतर आतल्या कपड्यावर थोडं पाणी शिंपडावं, म्हणजे ओल जाणवली तरी मन चलबिचल होत नाही. ज्यांना थेंब सतत येतच राहतात, नमाजेचा सगळा वक्त गेला तरी वुजू करून फर्ज (सक्तीची) नमाज पढण्याइतकी उसंत मिळत नाही, ते माजूर, म्हणजे सवलतीस पात्र, ठरतात. हनफी माजुराला प्रत्येक वक्तासाठी एक वुजू पुरतो, शाफईला प्रत्येक फर्ज नमाजेसाठी नवा करावा लागतो. इस्तिहाजाचं (पाळीव्यतिरिक्तचं) रक्त येणाऱ्या बायकांनाही हीच सवलत आहे. कितीतरी जणी हे माहीत नसल्याने नमाजच सोडून देतात याचं फार वाईट वाटतं.

रक्त, उलटी, हसू: हनफींनी लक्ष द्यावं

हनफी मसलकात रक्त किंवा पू जखमेतून निघून वाहिला की वुजू तुटतो. जागच्या जागी चमकून राहिलेल्या ठिपक्याने तुटत नाही. लॅबमध्ये तपासणीसाठी सुईने रक्त काढलं तर तुटतो. नुसतं इंजेक्शन घेतलं आणि रक्त वाहिलं नाही तर तुटत नाही. ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं तर थुंकीचा रंग बघा. लाल असेल तर वुजू गेला, पिवळट असेल तर राहिला. उलटी तोंड भरून, आवरता न येण्याइतकी झाली तर तुटतो, नुसत्या कफाने नाही.

हसण्याचा मसला तरुण मुलांना सांगायलाच हवा. नमाजेत शेजाऱ्याला ऐकू जाईल असं खळखळून हसलं तर हनफींच्या मते नमाजही गेली आणि वुजूही. फक्त स्वतःला ऐकू आलं तर नमाज गेली, वुजू राहिला. नुसतं ओठांत हसू आलं तर दोन्ही शाबूत.

शाफईंचा वुजू यातल्या कशानेही तुटत नाही. पण रक्त नापाक आहेच, तेव्हा ते अंगावरून धुवून नमाजेला उभं राहायचं.

स्पर्श: शाफई घरांत होणारी गफलत

शाफईंच्या मते गैरमहरम (ज्यांचं आपसात लग्न कायमचं निषिद्ध नाही अशा) पुरुष आणि स्त्रीची उघडी त्वचा एकमेकींना लागली तर वुजू तुटतो. चुकून लागली तरीही, आणि ती बायको असली तरीही. आई, बहीण, मुलगी, आत्या, मावशी, सासू महरम आहेत, त्यांच्या स्पर्शाने काही होत नाही. घोळ होतो तो वहिनी, मेहुणी, मामी आणि चुलत-मामे बहिणींच्या बाबतीत. एकाच घरात वाढलो म्हणून त्या महरम होत नाहीत. चहाचा कप देताना बोटं लागली तर वुजू पुन्हा करावा लागतो. मध्ये कापड असेल किंवा फक्त केस, नख लागलं असेल तर नाही. हनफींचा वुजू नुसत्या स्पर्शाने तुटत नाही.

तळहाताने गुप्तांगाला हात लागला तरी शाफईंचा वुजू तुटतो, लहान बाळाच्या सुद्धा. म्हणजे कोकणातल्या आईने लंगोट बदलताना बाळाला उघड्या हाताने धुतलं तर तिला नवा वुजू हवा. हनफी आईने फक्त हात धुवायचे.

न तुटणाऱ्या गोष्टी

खाणं-पिणं, नखं काढणं, केस कापणं, कपडे बदलणं, गुडघा उघडा पडणं, आरशात बघणं, बाळाला अंगावर पाजणं यांपैकी कशानेही वुजू जात नाही. पायाला घाण लागली तर पाय धुवा, वुजू आहे तसाच आहे.

डुलकीनेही जात नाही. जुम्याच्या खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) मांडी घालून, बैठक पक्की ठेवून डोळा लागला तर दोन्ही मसलकांत वुजू राहतो. मात्र भिंतीला असं टेकून गाढ झोपलात की टेकू काढला तर कोसळाल, तर हनफींनी नवा वुजू करून घ्यावा.

तुटला नाही, मुळात झालाच नव्हता

सुरह माइदाच्या ६व्या आयतीत चेहरा आणि कोपरांपर्यंत हात धुणं, डोक्यावर मसह (ओला हात फिरवणं) आणि घोट्यांपर्यंत पाय धुणं सांगितलंय. त्यात केसाएवढी जागा कोरडी राहिली तरी वुजू होत नाही. नेलपॉलिश, सुकलेला रंग, नखात वाळलेली कणीक, मासळी साफ करताना मनगटाला चिकटलेला खवला, हे आधी काढा. मेंदीच्या रंगाची किंवा तेलाची अडचण नाही. टाचा तर आवर्जून चोळा, कोरड्या टाचांबद्दल नबी ﷺ यांनी कडक इशारा दिला आहे.

जमातीत तुटला तर

लाजेखातर तसंच उभं राहू नका, वुजूशिवाय नमाज होतच नाही. नाकावर हात धरून बाहेर पडा. हे हदीसमध्येच शिकवलंय, बघणाऱ्याला वाटावं की नाकातून रक्त आलं. किती सांभाळून घेतलंय आपल्या अब्रूला! मग वुजू करून नमाज पहिल्यापासून पढा.

हज-उमऱ्याला जाणाऱ्या शाफईंसाठी

तवाफमध्ये (काबाभोवतीच्या फेऱ्यांत) वुजू लागतो, आणि मताफच्या, म्हणजे त्या फेऱ्यांच्या जागेच्या, गर्दीत स्पर्श टाळणं जवळपास अशक्य. म्हणून अनेक उलेमा (धर्मपंडित) शाफई हाजींना तिथे या एका बाबतीत हनफी मत घ्यायला सांगतात. पण मग वुजूही हनफींच्या हिशोबाने पुरा हवा. शाफईत मसहसाठी चार केसांवर ओला हात फिरला तरी चालतो, हनफींना चौथाई डोकं लागतं. आणि पायाला ठेच लागून रक्त वाहिलं तर तो वुजू तुटला असं धरावं लागेल. निघण्याआधी हज तरबियतीच्या वर्गात मौलानांना हे विचारून ठेवा, आणि घरूनच पूर्ण डोक्यावर मसह करायची सवय लावून घ्या.