वृद्धाश्रमात नवीन लागलात? "शांत" पेशंटकडे आधी बघा

जीएनएम, एएनएम (नर्सिंग) किंवा जीडीएचा (रुग्णांची मदतनीस) कोर्स करून वृद्धाश्रमात लागणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय. बीपी, शुगर, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), दोन दोन तासांनी कूस बदलणं हे तुम्हाला येतंच, ते सांगत बसत नाही. कोर्समध्ये कुणी शिकवत नाही ते सांगते, म्हणजे इथे आजी-आजोबांचे हाल होत असतील तर ते दिसतात कसे आणि दिसल्यावर करायचं काय. मला हे शिकवणारं कुणी नव्हतं आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मारहाण ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे, मनगटाभोवती गोल खूण म्हणजे कॉटला बांधलं असण्याची शक्यता, केस उपटल्यासारखे. पण घाई करू नका, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील आणि कातडी म्हातारी झाली असेल तर बीपीचा कफ बांधला तरी काळानिळा डाग उठतो. डाग कुठे आहे बघा आणि सांगितलेलं कारण त्या जागेशी जुळतंय का ते बघा. बाथरूममध्ये घसरलेल्या माणसाला कोपर, गुडघा, खुबा, डोकं इथे लागतं, दोन्ही दंडांच्या आतून लागत नाही. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवू नका, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही.

आता मी जिथे अडकले आणि तुम्ही पण अडकाल ते सांगते, जरा लांबलचक होईल पण वाचाच. सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, नाइटवाली सांगते, "तीन नंबरच्या आजी रात्रभर शांत झोपल्या, काही त्रास नाही." आपल्याला बरंच वाटतं. ह्याच आजी आधी दर पाच मिनिटांनी पाणी मागायच्या, पदराचं टोक चुरगाळत बसायच्या, मुलाला शाळेतून आणायचंय म्हणून दाराकडे जायच्या. आणि आता नऊ वाजले तरी डोळे अर्धवट उघडे, जीभ कोरडी, भरवलेली पेज गालात तशीच धरून ठेवलेली, युरीन बॅगमध्ये जेमतेम लघवी आणि ती पण गडद. ही शांतता नाही, गुंगीचं औषध जास्त झालेलं असू शकतं. चार्टवर क्वेटियापिनची (मनोविकारावरचं औषध, त्याने गुंगी येते) रात्री अर्धी गोळी लिहिलेली असते, म्हणजे दहाची स्ट्रिप वीस रात्री पुरायला हवी, आणि इथे आठवड्यात संपलेली असते. स्ट्रिप मोजा. खरंच मोजा, रोज मोजा. "एसओएस" (गरज पडली तरच) लिहिलेली गोळी रोज संध्याकाळी सहाला न चुकता जात असेल तर ती एसओएस राहिलेलीच नाही, ती स्टाफच्या सोयीसाठी चालू आहे. आणि हे चक्र लक्षात घ्या, गोळीने माणूस पेंगतो, पेंगला की पाणी-जेवण कमी, त्यातून लघवीचं इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठता, मग भ्रम वाढतो, मग परत "आजी त्रास देतात" म्हणून अजून गोळी. हालचाल नाही म्हणून माकडहाडावर बेडसोअर (पडून राहून होणारी जखम), उठायला गेल्या तर पडणार, मग खुब्याचं फ्रॅक्चर. कागदावर कुठेही मारहाण नसते, तरी माणूस संपत जातो.

पण एक करायचं नाही, स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. अशा औषधांपैकी काही एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना फोन करा, किती गोळ्या संपल्या तो आकडा सांगा, पेशंट हाक मारल्यावर उठतोय का ते सांगा. उठतच नसेल किंवा श्वास मंद असेल तर कुणाची परवानगी बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

पैशाचं पण बघत जा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी कोण कुठे अंगठा घेतंय, एटीएमचा पिन कोणाला माहितीये. परदेशातल्या मुलाच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलला मोबाइल नेहमी एकच अटेंडंट धरून बसत असेल तर आजी "सगळं छान आहे" शिवाय काय म्हणणार. एकटं गाठून विचारा, अंघोळ घालताना, केस विंचरताना, "इथे कोणाची भीती वाटते का हो?" एवढंच. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे म्हणून बोलणं खोटं ठरवू नका. वार चुकेल, नाव चुकेल, पण एखादं माणूस खोलीत आल्यावर त्या अंग आक्रसून घेत असतील तर ते खरं आहे.

लिहून ठेवायचं ते असं: तारीख, वेळ, जागा, डागाची लांबी सेंटीमीटरमध्ये, आणि आजींचे शब्द जसेच्या तसे. "मारलेलं दिसतं" असं आपलं मत लिहू नका. फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, उघड्या अंगाचा फोटो फिरला तर तो त्या माणसाचा दुसरा अपमान. आधी इन्चार्जला लेखी द्या, कॉपीवर सही घ्या. हललं नाही तर ट्रस्टींना आणि घरच्यांना. तरी नाही तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन एल्डरलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8, फोन फुकट आहे. जिवावर बेतलं असेल तर 112. बरेच जण 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा म्हणतात, पण तो मुख्यतः मुलांकडून पोटगी आणि सोडून देणं ह्यासाठी, संस्थेतल्या मारहाणीची तक्रार पोलिसातच जाते.

"अ‍ॅडजस्ट कर, सगळीकडे असंच असतं" म्हणणाऱ्या सीनियरला गुरू मानू नका. त्यापेक्षा दहा वर्षं बॅक केअर (पेशंटच्या पाठीची काळजी) करणाऱ्या मावशीच्या मागे फिरा, तिला पाठ बघून कळतं कोणाच्या ड्युटीला कूस बदलली नाही ते. आणि सीसीटीव्ही लावला की झालं असं समजणाऱ्यांचं मला पटत नाही, कॅमेरा पॅसेजमध्ये असतो आणि हाल बाथरूममध्ये होतात.

घाबरून पण जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीत अशा संस्थांमधल्या तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात काही ना काही गैरवर्तन केल्याचं स्वतः सांगितलंय. ते सगळे जन्माचे दुष्ट नसतात, एकटीने रात्री वीस पेशंट आणि वर डबल ड्युटी केली की हात उठतो, आवाज चढतो. तुमचा आवाज चढायला लागला की पेशंटला सुरक्षित ठेवा, खोलीबाहेर जा, दुसरीला बोलवा, ते लाजायचं काम नाही. स्टाफ कमी आहे हे पण लेखीच द्या, तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

आणि नोकरी सोडायचीच वेळ आली तर आधी लेखी तक्रार, मग राजीनामा. उलट केलंत तर "काढली म्हणून खोटं बोलतेय" असं म्हणायला ते मोकळे. अपॉइंटमेंट लेटर आणि ड्युटी चार्टची कॉपी आजच घरी नेऊन ठेवा, पेशंटची फाइल मात्र नेऊ नका, ती तिथेच राहू दे.