पालाझ्झो वेक्कियो बघायचाय? आधी ओल्ड गोव्याला जाऊन या

इटलीत फ्लोरेन्सला पालाझ्झो वेक्कियो हा जुना वाडा बघायला जाणार असाल तर तयारी इथनंच करा. बॉम जेझू चर्चमध्ये सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, पेटीखाली जो रंगीत संगमरवरी चौथरा आहे तो फेस्ताची गर्दी नसेल तेव्हा निवांत बघा, तो तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा मेदिची यानं फ्लोरेन्सच्या फोजिनी ह्या शिल्पकाराकडून करून घेतला आणि १६९८ मध्ये तो इथं बसवला. ह्याच मेदिची घराण्याच्या गावातला हा पालाझ्झो वेक्कियो.

तिथं पोचल्यावर लगेच तिकिटाच्या लायनीत शिरू नका. चौकात उभं राहून खालून वर बघत जा. खाली खडबडीत दगड आणि मोजक्या छोट्या खिडक्या, वर भिंतीबाहेर आलेला सज्जा, त्याच्या तळाला भोकं, त्यातून खालच्यांवर दगड टाकायची सोय. राजवाडा नव्हता हो हा, १२९९ मध्ये काम सुरू झालं ते प्रायर म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघांतून निवडलेल्या कारभाऱ्यांसाठी, दोन महिन्यांची मुदत आणि तेवढे दिवस मुक्काम इथेच, कारण शहरातल्याच बड्या घराण्यांची भांडणं रस्त्यावर यायची. आराखडा वास्तुकार आर्नोल्फो दी कांबियोचा मानतात. ९४ मीटरचा टॉवर मधोमध नाही ते बघितलंत? आधीच्या एका घराण्याच्या बुरुजावर तो चढवलाय म्हणून. मला तर सगळ्यात जास्त तोच आवडतो.

आत वास्तुकार मिकेलोझ्झोचं अंगण, मग १४९४ चा पाचशेंचा, म्हणजे पाचशे जणांच्या सभेचा हॉल, इथं मान वर करायला वेळ ठेवा, छत नंतर चित्रकार-वास्तुकार वझारीनं उंच केलं आणि चित्रांनी भरलं, ते मेदिची ड्यूक कोझिमो पहिल्यासाठी, जो १५४० मध्ये इथं राहायला आला. पुढे दरबार पित्ती ह्या दुसऱ्या वाड्यात गेला आणि हा वेक्कियो, म्हणजे जुना झाला. राजधानी पणजीला गेल्यावर आपलं गोवा ओल्ड झालं ना, तस्संच.

टॉवर मात्र सोडू नका, आभाळ मोकळं असेल त्याच दिवशी चढा कारण पावसात बंद ठेवतात. वाटेत एक इवलीशी कोठडी लागते. १४३३ मध्ये थोरल्या कोझिमो मेदिचीला इथंच कोंडलं होतं, आणि १०७ वर्षांनी त्याच घराण्यातला माणूस मालक म्हणून खाली राहायला आला!