बारा ठोके, बारा द्राक्षे

स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातील घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे खातात, आणि तासगावच्या द्राक्षबागा जवळ असलेल्या सांगलीकरांना ही प्रथा घरी पाळणे मुळीच अवघड नाही. प्रत्येकासाठी लहान, बिनबियांची बारा द्राक्षे धुऊन वाटीत मोजून ठेवावीत. लहान मुलांना मात्र ती उभी चिरूनच, सावकाश खाऊ द्यावीत. ठोके साधारण तीन सेकंदांच्या अंतराने पडतात, पण त्याआधी वाजणाऱ्या चार जोडटोलांना फसून सुरुवात करू नये, कारण नवखे नेमके तिथेच चुकतात. थेट प्रक्षेपण पाहायचे असल्यास आपल्याकडे पहाटे साडेचारला उठावे लागेल. भेटवस्तू ६ जानेवारीच्या, बाळ येशूसाठी भेटी आणणाऱ्या तीन राजांच्या सणासाठी राखून ठेवाव्यात आणि आदल्या रात्री मुलांना त्या भेटींसाठी बूट मांडायला सांगावे.