फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागल्यावर: वाट पाहण्याच्या काळात मन कसं सांभाळायचं

यादीत नाव लागलं की सुरुवातीला घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मग दिवस जातात, महिने जातात, फोन येत नाही. रुग्णाचं मन चोवीस तास पहाऱ्यावर राहतं. फोन लागतोय ना, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) किती, लाइट गेली तर काय. आजाराइतकाच हा पहाराही माणसाला थकवतो. म्हणून यातलं जे जे यंत्राला, कागदाला किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला सोपवता येईल, ते सोपवायचं. पुढची सगळी माहिती त्यासाठीच आहे.

ही रांग नाही

"माझा नंबर कितवा?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि सरळ उत्तर न मिळाल्याने चिडतो. दात्याचं फुफ्फुस कोणाला द्यायचं हे रक्तगट, छातीचं माप, रक्तातल्या अँटीबॉडी, तब्येतीची निकड आणि दाता कुठल्या रुग्णालयात आहे यावर ठरतं. मोठं फुफ्फुस लहान छातीत मावत नाही, त्यामुळे कमी उंचीच्या स्त्रियांना बहुधा जास्त थांबावं लागतं. तुमच्यानंतर नाव लागलेल्याचं ऑपरेशन आधी झालं, तर त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या हे वाटप पाहतात. २०२३ पासून नोंदणीला त्या राज्यातला रहिवासी असण्याची अट राहिलेली नाही, त्यामुळे चेन्नई किंवा हैदराबादला नाव नोंदवणारी मराठी कुटुंबंही आहेत.

रुग्णालयात प्रत्यारोपणाचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरला रोज फोन करू नका. महिन्यातला एक दिवस ठरवा आणि तीन गोष्टी विचारा: माझं नाव सध्या सक्रिय आहे का, कुठली तपासणी जुनी झाली आहे का, माझ्या रक्तगटाला आणि मापाला साधारण किती थांबावं लागतं. उत्तरं वहीत लिहा. मधल्या काळात तोच प्रश्न मनात आला की वही उघडायची.

दम आणि भीती यांचा फेरा

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दम लागला की भीती वाटते, भीतीने श्वास भराभर आणि उथळ होतो, उथळ श्वासाने दम आणखी वाढतो. सीओपीडीमध्ये (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजारात) तर जुनी हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत नवी आत येते आणि छाती फुगलेलीच राहते. अशा वेळी "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही. शरीराला काम द्यावं लागतं.

बसा, थोडं पुढे झुका, कोपरं मांडीवर किंवा टेबलावर ठेवा, खांदे सैल सोडा. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्या, मग शीळ घालताना करतो तसे ओठ आवळून चार अंक मोजेपर्यंत सोडा. जोर लावून फुंकू नका. फायब्रोसिस (फुफ्फुस कडक होण्याचा आजार) असेल तर चार अंक जमत नाहीत, तेव्हा तीनवर थांबा. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा, वारा नाक आणि गालांवर येऊ द्या. सॅच्युरेशन तेवढंच राहूनही दम कमी जाणवतो, कारण चेहऱ्याच्या नसांना लागणारा गारवा मेंदूपर्यंत पोचतो. पंखा उशाशी ठेवा, कपाटात नको. जवळच्या माणसाने प्रश्न विचारू नयेत, फक्त हळू आवाजात अंक मोजावेत.

हे दम नसताना, दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटं करून सवय लावा. पहिल्यांदाच घाबरलेल्या अवस्थेत करून पाहिलं तर जमत नाही.

आणि हे भीतीचं आहे असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. ओठ निळे पडले, छातीत दुखलं, ताप आला, अचानक एका बाजूला कळ येऊन दम वाढला, गुंगी आली किंवा नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागला, तर लगेच रुग्णालय गाठायचं.

औषधांकडेही पाहा. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कधी विनाकारण रडू येतं. स्टेरॉइडचा डोस सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांचा श्वास अशा गोळीने मंदावू शकतो.

ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन

दर दहा मिनिटांनी बोट यंत्रात घालण्याने काहीच हाती लागत नाही. सकाळी, दुपारी, रात्री आणि चालून आल्यावर, एवढं पुरे. थंड बोट, नेलपॉलिश, हलता हात यांनी आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा आणि अर्धा-एक मिनिट आकडा स्थिर होऊ द्या. किती आकड्याला फोन करायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद भिंतीवर लावा.

लाइट जाण्याची भीती हिशेबाने जाते. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) साधारण ३०० ते ३५० वॅट वीज घेतो. तेवढ्यावर आपला इन्व्हर्टर किती वेळ टिकतो हे दिवसा, घरात माणूस असताना, एकदा चालवून बघा. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर साधारण १२ तास, ४ लिटर लागत असेल तर ६ तास. हा हिशेब सिलिंडरवरच चिकटवा. रोज रात्री काटा पाहण्याचं काम रुग्णाचं नाही, घरातल्या एका ठरलेल्या माणसाचं.

फोन

दात्याच्या शरीरातून काढलेलं फुफ्फुस साधारण सहा तासांत बसवायचं असतं, म्हणून निरोप आला की निघायचं. कोऑर्डिनेटरकडे तीन नंबर द्या: रुग्णाचा, सोबत राहणाऱ्याचा, आणि वेगळ्या कंपनीचं सिम असलेल्या नातेवाइकाचा. अनोळखी नंबर आपोआप बंद करणारी सोय काढून टाका. कोऑर्डिनेटरच्या नंबरला वेगळी रिंग लावा. मग बाकी प्रत्येक रिंगला छातीत धस्स होत नाही. रात्री फोन सोबत्याच्या उशाशी राहील, रुग्णाच्या नाही.

निरोप आला की खाणं-पिणं लगेच थांबवायचं आणि नेहमीची औषधं घ्यायची का हे त्याच फोनवर विचारायचं. प्रवासाला लागेल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन घ्या. गाडी कोण चालवणार, तो नसेल तर कोण, हे आधीच ठरलेलं हवं.

बोलावलं आणि परत पाठवलं

हे होतं, आणि अनेकांच्या बाबतीत एकापेक्षा जास्त वेळा होतं. दात्याच्या शरीरात हृदय किंवा मूत्रपिंडापेक्षा फुफ्फुस लवकर खराब होतं. व्हेंटिलेटरवर जंतुसंसर्ग होतो, पाणी साठतं. दात्याच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून आणि त्याच्या रक्तातला ऑक्सिजन तपासूनच शेवटचा निर्णय होतो, तोवर तुम्ही ऑपरेशनच्या कपड्यांत बसलेले असता. त्यामुळे घरून निघताना नातेवाइकांना "तपासणीला बोलावलंय" एवढंच सांगा.

परत आल्यावर दोन दिवस मोठा निर्णय घेऊ नका, विशेषतः यादीतून नाव काढण्याचा. पहिल्या दिवशी जेवण आणि झोप. दुसऱ्या दिवशी सिलिंडर भरून आणा, रुग्णालयात न्यायची पिशवी पुन्हा भरून ठेवा, आणि फुफ्फुस का नाकारलं ते विचारा. कारण कळलं नाही की माणूस दोष स्वतःवर घेतो.

"कुणाच्या तरी मरणाची वाट पाहतोय"

हा विचार जवळजवळ प्रत्येकाला येतो आणि फार थोडे जण तो बोलतात. दात्याला मेंदूमृत (मेंदूचं काम कायमचं थांबलेला) ठरवण्याचं काम चार डॉक्टरांचं मंडळ करतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही त्या मंडळात नसतो. ती व्यक्ती तुमच्यासाठी गेलेली नसते. ती गेल्यावर तिच्या घरच्यांनी होकार दिलेला असतो. एवढं कळूनही मन खात असेल तर ते मोठ्याने बोला. घरात जमत नसेल तर समुपदेशकाशी, नाहीतर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतून.

लपवू नका

दोन गोष्टी लपवल्या जातात. पहिली उदासी: कळलं तर नाव काढतील, या भीतीने. उपचार चालू असलेलं नैराश्य सहसा आड येत नाही. उपचार न घेतलेलं येतं, कारण मग औषधं चुकतात, चालणं बंद होतं, वजन घसरतं. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर सांगा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी सांगा. दुसरी गोष्ट ताप. संसर्गात नाव तात्पुरतं थांबवतात, कारण ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते आणि तोच संसर्ग जीव घेऊ शकतो. बरं झाल्यावर नाव पुन्हा चालू होतं.

घर

सोबत्याला आठवड्यातून निदान एक अर्धा दिवस पूर्ण सुट्टी हवी, आणि ती वेळापत्रकात लिहिलेली हवी. चौकशीचे फोन एकानेच घ्यायचे. रुग्णाला रोज दहा जणांना तेच सांगायला लावू नका, बोलण्यानेही दम लागतो. सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटायला येऊ नये, हे दारावर लिहून लावलं तर कोणाला तोंडावर सांगावं लागत नाही. उदबत्ती, धूप, मिरचीच्या फोडणीचा ठसका आणि दिवाळीतला फटाक्यांचा धूर रुग्णाच्या खोलीपासून लांब ठेवा. देवापुढे दिवा पुरतो, पण तोही ऑक्सिजनपासून दूर, दुसऱ्या खोलीत.

दुसरी तयारी

वाट पाहत असतानाच पॅलिएटिव्ह डॉक्टरांना (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना) भेटा. त्याचा अर्थ आशा सोडली असा नाही. दम, खोकला, झोप यांवर ते आत्ता काम करतात, आणि काही रुग्णांना अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन देऊन दम सुसह्य करतात. व्हेंटिलेटर किंवा एक्मोची (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राची) वेळ आली तर किती दिवस, कुठवर, हे रुग्णाने स्वतः बोलता येत असतानाच घरच्यांना सांगावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने अशी इच्छा लिहून ठेवता येते. २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन. एक प्रत घरी, एक रुग्णालयाच्या फाइलमध्ये, आणि कागदात ज्या माणसाचं नाव निर्णयासाठी लिहिलंय त्याच्याकडे एक.